शिष्यवृत्तीचं गणित : आकडेमोड येते, पण उदाहरण वाचल्यावर गाडी अडते

पाटीपेन्सिल

पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा, मराठी माध्यम. पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. मुलीचे २० पर्यंत पाढे पक्के आहेत, हातच्याची वजाबाकी आणि भागाकारही नीट जमतात. तरी सराव प्रश्नपत्रिकेत गणिताचे ५० पैकी २६-२८ च्या वर बरोबर येत नाहीत आणि शेवटचे आठ-दहा प्रश्न राहूनच जातात. गंमत म्हणजे चुकलेलं उदाहरण घरी मी वाचून दाखवलं की ती पटकन सोडवते.

नेमकं कुठे अडतंय हे कसं शोधायचं? शिवाय 'एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे भागाकार' अशी एक यादी पाठ करायला मिळाली आहे. ती पाठ करून घ्यावी का?

हातचा एक

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. 'मी वाचून दाखवलं की सोडवते.' मोठं माणूस उदाहरण वाचतं तेव्हा योग्य जागी थांबतं, 'दर डझन' वर जोर देतं, 'उरलेले' म्हणताना आवाज जरा बदलतो. अर्धं गणित तिथेच सुटतं. मूल मनात वाचतं तेव्हा डोळे शब्दांवरून घसरून थेट आकड्यांवर जातात. दोन आकडे दिसले की हात चालू.

आधी निदान करा. सोडवलेल्या दोन-तीन प्रश्नपत्रिका काढा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहा : वाचनातली चूक असेल तर 'वा', रीतच माहीत नसेल तर 'री', आकडेमोड चुकली असेल तर 'आ', आणि उत्तर बरोबर काढून उत्तरपत्रिकेतला गोल भलताच रंगवला असेल तर 'गो'. हे ठरवायला तेच उदाहरण पुन्हा द्या, घड्याळ न लावता आणि स्वतः एक शब्दही न बोलता. मांडणी बरोबर पण उत्तर चूक असेल तर 'आ'. तिला स्वतःला मोठ्याने वाचायला लावल्यावर सुटलं तर 'वा'. तरीही नाही सुटलं तर 'री'. यासाठी कच्चं काम जपून ठेवावं लागतं, म्हणून खोडरबर काही दिवस बाजूला ठेवा. चुकलं तर एक रेघ मारायची आणि शेजारी पुन्हा लिहायचं.

पर्यायी प्रश्नांचा एक फायदा पालक क्वचितच घेतात. चुकीचे पर्याय उगाच टाकलेले नसतात, मुलं जिथे चुकतात तिथूनच ते काढलेले असतात. हे बघा :

एका व्यापाऱ्याने १२ डझन आंबे आणले. त्यांपैकी १/६ आंबे नासले. उरलेले आंबे त्याने ४५० रुपये डझन या भावाने विकले, तर त्याला किती रुपये मिळाले?
(१) ५४०० (२) ९०० (३) ५४००० (४) ४५००

१२ डझनांचा सहावा भाग २ डझन, उरले १० डझन, म्हणून ४५०० रुपये. आता बाकीचे तीन बघा. ५४०० आले तर नासलेले आंबे वजा करायचे राहिले. ९०० म्हणजे नासलेल्यांचीच किंमत काढली, 'उरलेले' हा शब्द निसटला. ५४००० हा सगळ्यांत कपटी पर्याय : १२ डझनांचे १४४ आंबे केले, २४ वजा करून १२० उरवले, सगळं बरोबर, आणि शेवटी डझनाचा भाव एका आंब्याला लावला. तिने कुठला पर्याय निवडला त्यावरून तुम्हाला न विचारताच कळतं की गाडी कुठे घसरली. 'चूक आहे, पुन्हा कर' म्हणण्याऐवजी 'व्यापाऱ्याने एक आंबा ४५० रुपयांना विकला का गं?' एवढंच विचारा.

वाचनाची सवय लावायला दोन गोष्टी. पहिली, शेवटचा तुकडा आधी वाचायचा ('तर त्याला किती रुपये मिळाले?') आणि कच्च्या कामाच्या जागी उत्तराचं एकक आधीच लिहून टाकायचं : रु. मग सुरुवातीपासून वाचायचं. दुसरी, सोडवण्याआधी आकडे वगळून गोष्ट सांगायची : 'आंबे आणले, थोडे नासले, राहिलेले डझनाच्या भावाने विकले, पैसे विचारलेत.' ही गोष्ट सांगता आली नाही तर पेन्सिल उचलायचीच नाही. रोज अशी पाच उदाहरणं पुरेत. दिवसाला पन्नास करून घेतली की मूल पुन्हा आकड्यांवर उड्या मारायला लागतं.

बेएकेबे

ती यादी पाठ करून घेऊ नका. दुसरी-तिसरीत ती चालून जाते. शिष्यवृत्तीत तोच सापळा असतो.

'रमेशकडे सीमापेक्षा १५ गोट्या जास्त आहेत. रमेशकडे ४२ गोट्या आहेत, तर सीमाकडे किती?' यादी पाठ केलेलं मूल 'जास्त' वाचतं, बेरीज करतं, ५७ लिहितं. उत्तर २७ आहे. 'प्रत्येकी' चंही तसंच : '८ मुलांना प्रत्येकी ६ पेढे दिले, ४ उरले, तर एकूण पेढे किती?' इथे 'उरले' आहे, 'प्रत्येकी' आहे, आणि करायचंय मात्र ८ × ६ + ४ = ५२.

यादीऐवजी आडव्या पट्ट्या काढायला शिकवा. पट्टी हाताने ओढायची, फूटपट्टी नको. रमेशची लांब, तिच्या खाली सीमाची आखूड, दोघींचं डावं टोक एका रेषेत. जास्तीच्या तुकड्यावर १५ लिहायचे, रमेशच्या पूर्ण पट्टीवर ४२. सीमाची पट्टी छोटी आहे हे डोळ्यांना दिसतं, मग ५७ कसं येईल?

बेरीज-फरकाच्या उदाहरणात तर पट्टीला तोड नाही. दोन संख्यांची बेरीज ८४, फरक १८, मोठी संख्या कोणती? एक लांब पट्टी, एक आखूड, जास्तीचा तुकडा १८. तो तुकडा कापून टाकला तर ८४ − १८ = ६६ उरतात आणि दोन्ही पट्ट्या सारख्या होतात, म्हणजे प्रत्येक ३३. मोठी ३३ + १८ = ५१. 'बेरजेत फरक मिळवा आणि दोनने भागा' हे सूत्रही तेच उत्तर देतं, पण पाठ केलेलं सूत्र लहान संख्या विचारली की हमखास उलटं होतं.

अपूर्णांक : शाळेत ३/५ मुली आहेत आणि मुलगे १२० आहेत, तर एकूण विद्यार्थी किती? मुलं सवयीने १२० चे ३/५ काढून ७२ लिहितात. पट्टीचे पाच घर करा, तीन घरांवर 'मुली', उरलेल्या दोनांवर 'मुलगे'. १२० कुठे लिहायचे? दोन घरांवर. एक घर ६०, पाच घरं ३००. चूक होते ती १२० नेमके कोणाचे हे न ठरवल्यामुळे, आणि पट्टी काढली की ते ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

खडूचूर

वरच्या दोघांनी रीत सांगितली. मी शब्दांकडे वळतो, कारण मराठी माध्यमातल्या मुलांचेही बरेच गुण तिथेच जातात. सेमी इंग्रजीवाल्यांचं तर विचारूच नका.

पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द घरात बोलणं कमी झालंय, प्रश्नांत मात्र आहेत. एकच सूत्र सांगा : पुढे जे माप येतं त्याचा पाव, अर्धा किंवा पाऊण. सव्वाशे १२५, सव्वादोनशे २२५, पावणेदोनशे १७५, पावणेतीन हजार २७५०, दीड लाख १,५०,०००. तोच शब्द तासापुढे आला की ६० चा पाव घ्यायचा : पावणेदोन तास म्हणजे १०५ मिनिटं. डझनापुढे आला की १२ चा : अडीच डझन म्हणजे ३०. किलोपुढे हजार ग्रॅमचा : सव्वा किलो १२५० ग्रॅम. मुलं सव्वा म्हटलं की सगळीकडे २५ मिळवतात आणि सव्वा तासाची ८५ मिनिटं करतात.

डझन १२, ग्रोस १२ डझन म्हणजे १४४, दस्ता २४ कागद, रीम २० दस्ते म्हणजे ४८० कागद. हे पाठच करायचं.

संख्यावाचन पाचवीतही तपासा. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो, त्यामुळे घाईत ३५ लिहिलं जातं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी जोड दिली तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद बाजूला ठेवा, अडचण खरी आहे. ६७, ७७, ८७ आणि ६९, ७९, ८९ या दोन तिकड्या उलटसुलट करून बोला आणि लिहायला लावा. सदुसष्ट, एकोणनव्वद, सत्त्याऐंशी, एकोणऐंशी. मोठ्या संख्येत शून्य गळतं : 'चार लाख पाच हजार सात' चे ४५००७ होतात. ल, दह, ह, श, द, ए अशी सहा घरं आखून भरायची, रिकाम्या घरात शून्य. ४,०५,००७.

मोजणीच्या प्रश्नांत एकाने चूक होते, तीही ठराविक. १२० मीटर सरळ रस्त्याच्या एका कडेला दर ६ मीटरवर झाड, दोन्ही टोकांना झाड : २० अंतरं, २१ झाडं. तेच गोल तळ्याभोवती असेल तर २०. दोरीचे २० तुकडे करायला १९ काप. सूत्र नको, हाताची बोटं दाखवा : पाच बोटं, मधल्या फटी चार.

तारखांचंही तसंच. १५ ऑगस्ट ते १० सप्टेंबर, दोन्ही दिवस धरून किती दिवस? ऑगस्टचे १७, सप्टेंबरचे १०, एकूण २७. पण '१५ ऑगस्टला शुक्रवार होता, तर १० सप्टेंबरला कोणता वार?' असं विचारलं की २६ धरायचे, कारण पुढे किती दिवस सरकलो ते हवंय. २६ म्हणजे तीन आठवडे आणि ५ दिवस, बुधवार. २७ धरणाऱ्याला गुरुवार मिळतो आणि तो पर्यायांत असतोच.

१ ते १०० मध्ये कुठला अंक किती वेळा येतो हे मुलं घोकतात : २ ते ९ प्रत्येकी २० वेळा, १ एकवीस वेळा, ० अकरा वेळा. घोकण्यापेक्षा पडताळा शिकवा. एक अंकी ९ संख्यांचे ९ अंक, दोन अंकी ९० संख्यांचे १८०, शंभराचे ३, एकूण १९२. आणि २० × ८ + २१ + ११ = १९२. जमलं.

आता कंचेभागुबेव, म्हणजे कोणती क्रिया आधी करायची याचा क्रम. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. या अक्षरांमुळे २० − ८ + ५ मध्ये मुलं आधी ८ + ५ करतात आणि ७ आणतात. बरोबर उत्तर १७. फक्त बेरीज-वजाबाकी असेल तर डावीकडून उजवीकडे जायचं. 'चे' भागाकाराच्या आधी येतो हेही विसरतात : ३६ ÷ ६ चे ३ म्हणजे ३६ ÷ १८ = २.

पाटीपेन्सिल

दोन प्रश्नपत्रिका तपासल्या. २३ चुकांपैकी 'वा' ११, 'आ' ४, 'री' ५, 'गो' ३. गोलाच्या तीन चुका बघून धक्काच बसला.

दोन शंका. पट्ट्या काढण्यात वेळ नाही का जाणार? आणि दुकानातून रीम आणली तर त्यात ५०० कागद असतात, मग ४८० की ५००?

खडूचूर

दुकानात ५००, परीक्षेत ४८०. प्रश्नातच कागदांची संख्या दिली असेल तर ती धरायची, नाहीतर दस्त्याच्या हिशोबाने ४८०.

तिसरी घंटा

वेळेचं गणित मांडतो. ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. भाषेत उताऱ्याचे प्रश्न असतात, त्यामुळे तिथे २५ मिनिटं धरा. गणिताला ५५ ठेवा, १० हातात. पट्टी हाताने ओढली तर आठ-दहा सेकंद लागतात आणि चुकीच्या रीतीने केलेला तीन अंकी गुणाकार चाळीस सेकंद खातो. पट्टी सगळीकडे काढायची नाहीच, फक्त तुलना आणि अपूर्णांक असले की.

तिचे शेवटचे आठ-दहा राहतात कारण ती बहुधा क्रमाने जाते आणि एखाद्या प्रश्नाशी चार मिनिटं झटते. दोन फेऱ्या शिकवा. पहिल्या फेरीत प्रश्न वाचून साधारण १५ सेकंदांत वाट दिसली नाही तर प्रश्नपत्रिकेवर क्रमांकाशेजारी छोटी चांदणी आणि पुढे. शेवटचा प्रश्न शेवटी आहे म्हणून अवघड असतो असं नाही. ७३ वा प्रश्न दहा सेकंदांचा असू शकतो, तो वाचलाच नाही तर दोन गुण फुकट गेले. दुसऱ्या फेरीत फक्त चांदण्या. या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या तीन मिनिटांत एकही ओळ कोरी ठेवायची नाही.

गोलांच्या चुका प्रश्न सोडल्यामुळे होतात. ४१ सोडला, ४२ चं उत्तर ४१ च्या ओळीत रंगवलं की तिथून पुढे सगळं एकेक ओळ वर सरकतं. पेनाने रंगवलेला गोल खोडता येत नाही. उपाय : उत्तराचा क्रमांक आधी प्रश्नपत्रिकेवर खूण करून ठेवायचा आणि एक पान संपलं की त्या पानाचे गोल एकदम रंगवायचे, मनात जोडी म्हणत : '४२ ला ३, ४३ ला १'. सगळे गोल शेवटी रंगवायचा बेत मात्र धोक्याचा, वेळ संपला तर सोडवलेलंही जातं. घरच्या सरावालाही छापील ओएमआर (गोल रंगवायची) उत्तरपत्रिका आणि बॉलपेन वापरा. वहीवर उत्तरं लिहून सराव केलेलं मूल 'गो' च्या चुका परीक्षेतच पहिल्यांदा करतं.

आकडेमोड वाचवायची एक युक्ती. ३४७ × २८ साठी पर्याय ९७२६, ९७१६, ९७१८, ९६१६ असतील तर गुणायची गरज नाही. एकक ७ × ८ = ५६, शेवटी ६ हवा, ९७१८ गेला. मग अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत : ३४७ चे ५, २८ चा १, गुणाकार ५. ९७२६ चे ६, ९६१६ चे ४, ९७१६ चे ५. झालं.

बेएकेबे

अंकांच्या बेरजेबद्दल एक सावधगिरी. अंकांची अदलाबदल झाली तर ती पकडत नाही. पर्यायांत ९१७६ असता तर त्याचीही बेरीज ५ आणि शेवटी ६. म्हणून आधी अंदाज : ३५० × २८ = ९८००, उत्तर त्याहून थोडं कमी. ९१७६ तिथेच बाद. अंदाज, मग एकक, मग बेरीज, या क्रमाने करा.

आणि वेळेच्या वजाबाकीत ही युक्ती लावूच नका. एसटी सकाळी ९.४० ला सुटली आणि दुपारी २.१५ ला पोहोचली, तर प्रवास किती? मुलं १४.१५ − ९.४० करून ४.७५ आणतात, कारण हातचा १०० चा घेतात, आणि अंकांच्या बेरजेने हे चूक उत्तरही जुळतं. पुढे मोजत जा : ९.४० ते १० वीस मिनिटं, १० ते २ चार तास, वर १५ मिनिटं. ४ तास ३५ मिनिटं.

पाटीपेन्सिल

एक अडलंय. 'चौरसाची परिमिती ३६ सेमी, तर क्षेत्रफळ किती?' तिने बाजू ९ काढली आणि मग उत्तर ३६ लिहिलं. कच्च्या कामात ९ × ४ आहे. हे 'वा' की 'री'?

हातचा एक

इतक्यावरून सांगता येणार नाही. बाजू काढली म्हणजे पहिली पायरी समजलीय. मग 'चौरस म्हणजे चार' या सवयीने हात चालला असेल, किंवा क्षेत्रफळ म्हणजे काय हेच कच्चं असेल. चौकटीच्या वहीत ६ घरं लांब आणि ४ घरं रुंद आयत काढून द्या. दोन प्रश्न विचारा, 'परिमिती' आणि 'क्षेत्रफळ' हे शब्द न वापरता : कडेने दोरा लावायचा तर किती लागेल, आणि आत किती चौकटी आहेत. २० आणि २४ अशी दोन्ही उत्तरं आली तर आणखी एक विचारा : यातलं क्षेत्रफळ कोणतं? २४ म्हणाली तर 'वा', ९ × ९ = ८१ ती स्वतःच काढेल. तिथे अडखळली तर 'री', आणि मग दोन दिवस सूत्र बंद, फक्त चौकटी मोजायच्या. तोवर त्या प्रश्नापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवा.